नांदणारी ती, नांदवणारा कोण?

आपल्या कामात दिवसातून दहा वेळा तोंडी येणारं एक क्रियापद आहे: नांदणे. अर्जात ते असतं, पोलीस ठाण्यातल्या जबाबात असतं, वकिलाच्या नोटिशीत असतं, कोर्टाच्या निकालातही असतं. शिवाजी पेठेतल्या आमच्या केंद्रात बाई येऊन बसली की सोबत आलेली आई पहिलं वाक्य बोलते ते याच क्रियापदाचं. "पोरीला नांदवत न्हाईत." सासरच्यांना बोलावलं की त्यांचंही पहिलं वाक्य तेच, फक्त बाजू बदललेली. "तीच नांदत न्हाई." आणि दोन्ही बाजूंची माणसं जमली की कुणीतरी वडीलधारा बाईकडे वळून विचारतो, "तुला नांदायचंय का न्हाई, तेवढं सांग."

मैत्रिणींनो, या लेखात मी या एका क्रियापदाची झडती घ्यायचं ठरवलं आहे. शब्दांचा कीस काढणं हे पंडितांचं काम, आपल्यापुढे प्रश्न काय कमी आहेत, असं कुणी म्हणेल. पण ज्या शब्दात बाईचा प्रश्न मांडला जातो, त्याच शब्दात तिला उत्तर दिलं जातं. प्रश्नाचे शब्द दुसऱ्याचे असले तर उत्तरही दुसऱ्याच्याच सोयीचं निघतं.

आधी या शब्दाचं कूळ पाहू. संस्कृतात 'नन्द्' असा धातू आहे. त्याचा अर्थ आनंदित होणे, हर्ष पावणे. 'आनंद', 'नंदन', 'नंदिनी' ही सगळी त्याच घरची माणसं. नाटकाच्या सुरुवातीची 'नांदी' त्याच घरातली. प्राकृतात हा धातू 'णंद' असा झाला आणि मराठीत येताना 'नांद' झाला. अनुस्वार असलेला ऱ्हस्व स्वर मराठीत येताना लांबतो, हा आपल्या भाषेचा नेहमीचा रिवाज आहे. 'दन्त'चा दांत झाला, 'बन्ध्'चं बांधणे झालं, 'स्कन्ध'चा खांदा झाला. तसंच 'नन्द्'चं नांदणे झालं. म्हणजे कुळाने पाहिलं तर नांदणे म्हणजे आनंदात असणे. राहणे हा अर्थ मागून आला. आनंदात असणे, मग आनंदात राहणे, मग नुसतंच राहणे, अशा पायऱ्या उतरत शब्द खाली आला.

काही ठिकाणी जुना अर्थ अजून जिवंत आहे. गावात शांतता नांदते, घरात लक्ष्मी नांदते, सगळ्या जातीधर्मांची माणसं गुण्यागोविंदाने नांदतात. माणसांनी, मुलाबाळांनी भरलेल्या घराला आपण 'नांदतं घर' म्हणतो, त्यातही समाधानाची ऊब आहे. पण लग्न झालेल्या बाईला हा शब्द लावला की ती ऊब जाते. "ती नांदते" याचा अर्थ एवढाच की ती सासरी आहे, परत आलेली नाही. ती खूश आहे की नाही हे त्या वाक्यात नसतं आणि ऐकणाराही ते विचारत नाही. पुरावा हवा असेल तर लग्नातला आशीर्वाद ऐका. आपण नव्या जोडप्याला "सुखाने नांदा" म्हणतो. मूळ शब्दातच सुख होतं तर वर पुन्हा 'सुखाने' का जोडावं लागलं? क्रियापदातलं सुख संपलं म्हणून ते बाहेरून आणून लावावं लागलं. आणि 'मार खात नांदली', 'उपाशीपोटी नांदली', 'सवतीवर नांदली' ही वाक्यं आपण बिनदिक्कत बोलतो. मूळ अर्थाने ती अशक्य आहेत. मार खात कुणी आनंदित होत नाही.

याच धातूशी जोडलेली आणखी एक नातेवाईक आहे, नणंद. संस्कृतात ती 'ननान्दृ'. जुन्या व्याकरणकारांनी या शब्दाची फोड 'न नन्दति' अशी केली: कितीही करा, जी प्रसन्न होत नाही ती. आधुनिक भाषाशास्त्राला ही फोड पटत नाही. आई, बाबा, काका यांसारखा तो लहान मुलांच्या बोबड्या बोलातून आलेला शब्द असावा असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. मला त्या फोडीतून वेगळीच गोष्ट दिसते. ज्या घरात सून आनंदी आहे की नाही याची नोंद कुणी घेतली नाही, त्या घरातली दुसरी बाई प्रसन्न होते की नाही याची मात्र व्युत्पत्ती तयार झाली. बाईच्या दुःखाचं खापर फोडायला दुसरी बाई भाषेतच उभी करून ठेवली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात (सूक्त ८५) नववधूला सासरा, सासू, नणंद आणि दीर या सर्वांवर सम्राज्ञी हो, असा आशीर्वाद आहे. सम्राज्ञीचा आशीर्वाद पोथीत राहिला. व्यवहारात तिच्या वाट्याला आलं ते नांदणं.

आता कर्ता कोण ते पाहू. भाऊ-भाऊ एकत्र नांदतात, गाव नांदतं, प्रजा नांदते. अनेकवचनात पुरुषही नांदतो. पण लग्न झालेला एकटा पुरुष नांदत नाही. "आमचा मुलगा नीट नांदत नाही" असं वाक्य एखाद्या सासूच्या तोंडून ऐकलंय का? तो दारू पितो, बाहेर जातो, पैसे देत नाही, ही सगळी क्रियापदं त्याला लागतात. नांदण्याची परीक्षा त्याला नसते. आपल्या कोल्हापुरात तर गंमतच आहे. इथली बाई स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो, मी सांगतो" असं पुरुषासारखं बोलते. बाहेरगावची माणसं त्याला हसतात. बोलण्यात तिने पुरुषाचं रूप घेतलं, पण नांदायला जाताना मात्र तीच गेली. जात्यावरच्या ओव्यांमध्येही लेकीच्या नांदण्याशी बापाचं नाव बांधलेलं सापडतं. ती नांदली तर त्याचं नाव राहतं, न नांदली तर त्याला खाली बघावं लागतं. तिच्या सुखाचा शब्द दोन घरांच्या अब्रूचा शब्द झाला.

याच्याही पुढे एक रूप आहे, ते सगळ्यात धोक्याचं. नांदवणे. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. हसणे-हसवणे, खेळणे-खेळवणे, नांदणे-नांदवणे. हसवणारा दुसऱ्याला हसू आणतो. त्या न्यायाने नांदवणारा दुसऱ्याला आनंद देणारा असायला हवा. पण आपल्याकडे नांदवणे म्हणजे बायकोला घरात राहू देणे. "मी तिला नांदवायला तयार आहे" असं नवरा म्हणतो तेव्हा तो मेहेरबानी करत असतो. आणि माहेरची माणसं हात जोडून "नांदवून घ्या" म्हणतात तेव्हा ती मेहेरबानी मागत असतात. या वाक्यांत बाई कर्ता राहत नाही, ती कर्म होते. आपल्या व्यवहारातले बाकीचे शब्द याच्या शेजारी मांडून बघा. मुलगी 'दिलेली' असते. मग ती 'नांदवलेली' असते, नाहीतर 'टाकलेली', 'सोडलेली' असते. प्रत्येक वेळी काहीतरी करणारा दुसराच आहे. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद घेतली, तेव्हापासून 'टाकलेली' या शब्दाबद्दल चळवळीत बरंच बोललं गेलं. त्याच्या जोडीचा 'नांदवलेली' मात्र निरुपद्रवी समजून आपण सोडून दिला. टाकण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, नांदवण्याचाही त्याच्याचकडे असतो. दोन्ही शब्द एकाच मालकीतून आले आहेत.

हे फक्त आपल्याच भाषेत झालं असं नाही. दूर डेन्मार्कमध्ये लग्न करण्याला 'गिफ्टे' असं क्रियापद आहे. त्याचं मूळ 'देणे' या अर्थाच्या धातूत आहे. मुलगी देणे, आपल्याकडे "पोरगी इचलकरंजीला दिली" म्हणतात ना, अगदी तसंच. तिथे 'गिफ्ट' या शब्दाचा अर्थ 'विवाहित' असा होतो आणि तोच शब्द 'विष' या अर्थानेही चालतो. तोही देण्यावरूनच आला आहे, औषधाची दिलेली मात्रा या अर्थाने. डॅनिश माणसं यावर भरपूर विनोद करतात. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आज तिथे हे क्रियापद बाई आणि पुरुष दोघंही स्वतःबद्दल सारखंच वापरतात, आणि त्याला 'स्वतःला' हा शब्द जोडून बोलतात. पूर्वी बाप देत असे, आता दोघंही आपापल्याला देतात. मूळ तेच राहिलं, कर्ता बदलला. शब्दाचं कूळ म्हणजे जन्मठेप नव्हे. डॅनिश शब्द देवघेवीतून निघून बरोबरीकडे गेला. आपला शब्द आनंदातून निघून ताबेदारीकडे गेला. आपल्या शब्दाची सुरुवात तर त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगली होती.

या क्रियापदाने मराठी बाईला कोर्टात खेचलं त्याची कथा आपल्याला माहीत आहे, पण या बाजूने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अशा प्रकारचा दावा मुळात इंग्लंडच्या कायद्यातला आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. धर्म बुडाला म्हणून गहजब झाला, 'केसरी'ने नवऱ्याची बाजू घेतली. शेवटी १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

यात एक मेख आहे. कायदा परदेशी होता, पण त्याला आपण आपल्या घरचा शब्द दिला. इंग्रजांच्या पुस्तकातलं कलम मराठीत आल्यावर 'नांदायला येण्याचा दावा' झालं आणि मग ते आपल्या आजी-पणजीपासून चालत आलेल्या रीतीसारखं वाटू लागलं. इंग्लंडने स्वतः १९७० साली कायदा करून हा दावा मोडीत काढला. आपण मात्र तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून लिहून ठेवला. रखमाबाई त्याच वर्षी, १९५५ साली वारल्या. हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली गेली होती, पण मालमत्ता जप्त करण्याची राहिली. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता यांच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. बाईच्या शरीरावर तिचा स्वतःचा हक्क आहे, असं न्यायमूर्ती चौधरी यांनी म्हटलं. पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी यांच्या खटल्यात कलम ९ वैध ठरवलं. त्या खटल्याची हकिगत प्रत्येक कार्यकर्तीने लक्षात ठेवावी अशी आहे. नांदायचं आहे म्हणून दावा बायकोने लावला होता. नवऱ्याने कोर्टात संमती दिली, तसा हुकूम झाला. वर्ष उलटल्यावर त्याच नवऱ्याने, हुकूम होऊनही आम्ही एकत्र राहिलो नाही या कारणावरून घटस्फोट मागितला आणि तो त्याला मिळाला. कलम १३ (१-अ) तशी सोय देतं. कागदावर कलम दोघांना सारखं आहे, बायकोही नांदण्यासाठी दावा लावू शकते. पण घर ज्याच्या नावावर, दार ज्याच्या हातात, त्याच्यासाठी ते कलम वेगळं चालतं.

आपल्या केंद्रात याचं रोजचं रूप दिसतं. बाईने पोटगीचा अर्ज केला की दोन आठवड्यांत नोटीस येते: "आमचे अशील आपणास नांदविण्यास तयार आहेत." मारहाणीचा अर्ज केला तरी तीच नोटीस. नवऱ्याला तिला घरात आणायचं असतंच असं नाही. योग्य कारण नसताना बायको नवऱ्याजवळ राहायला नकार देत असेल तर तिला पोटगी नाही, अशी अट जुन्या कलम १२५ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही आहे. म्हणून 'ती नांदत नाही' हे कागदावर आणणं हा पोटगी चुकवण्याचा सरळ रस्ता. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीनाकुमारी यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की नवऱ्याने नांदण्याचा हुकूम मिळवला आणि बायकोने तो पाळला नाही, एवढ्यावरून तिची पोटगी जात नाही. ती का गेली नाही, हे कोर्टाने पाहिलंच पाहिजे. हा निकाल आपल्या प्रत्येक फायलीत असायला हवा.

दुसरीकडे, कोल्हापूरच्याच मातीत वेगळ्या भाषेचा पाया शंभर वर्षांपूर्वी घातला गेला होता. १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्या कायद्याने बाई नांदते का असं विचारलं नाही. तिच्याशी कसं वागलं जातं, असं विचारलं. देशात कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा व्हायला त्यानंतर २००५ साल उजाडावं लागलं. त्या कायद्याच्या कलम १७ ने तर नांदवणाऱ्याची गरजच संपवली. घर तिच्या नावावर असो वा नसो, एकत्र राहिलेल्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. २०२० साली सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरीही ते 'एकत्र राहिलेलं घर' ठरू शकतं. राहणं हा हक्क झाला तिथे "नांदवून घ्या" ही विनवणी राहायलाच नको.

आता एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. बाईलाच नांदायचं असतं. तिला घटस्फोट नको असतो, तिला तिचं घर हवं असतं. भाड्याची खोली घ्यायची ऐपत नसते, माहेरी भावजय आलेली असते, मुलं सासरी अडकलेली असतात. "मला नांदायचंय" असं ती म्हणते तेव्हा तिच्या तोंडातून शब्द काढून घ्यायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण ती म्हणते तेव्हा नेमकं काय मागते, हे ऐकून घेणं आपलं काम आहे. खोदून विचारलं की त्या एका शब्दातून तीन-चार मागण्या निघतात. छप्पर, खर्चाला पैसे, मुलं, मार थांबणं आणि समाजात मान. यातली नवऱ्याची सोबत कधी यादीत वर असते, कधी खाली, कधी नसतेच. सगळ्या मागण्या एका क्रियापदाच्या गाठोड्यात बांधून समोरच्याच्या हातात दिल्या की तो म्हणतो, "नांदवतो की", आणि गाठोडं तसंच कोपऱ्यात पडून राहतं.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. सगळ्या गटांनी त्यांवर बोलावं.

पहिली, अर्जात "नांदवून घ्यावे" असं लिहू नये. २००५ च्या कायद्यात संरक्षण (कलम १८), राहणं (कलम १९), पैसा (कलम २०) आणि मुलांचा ताबा (कलम २१) यांसाठी वेगवेगळे आदेश मागता येतात. बाईचं म्हणणं त्या त्या खान्यात लिहावं.

दुसरी, समझोत्याच्या कागदावर नवरा "व्यवस्थित नांदवीन" एवढंच लिहून देतो. ते वाक्य स्वीकारू नये. दरमहा किती पैसे, कोणत्या तारखेला, ती कामाला जाणार की नाही, माहेरी फोन करणार की नाही, हात उचलला तर पुढे काय, आणि कार्यकर्ती घरी कधी येऊन पाहणार, हे लिहून घ्यावं.

तिसरी, संस्थांच्या अहवालांत 'नांदायला गेल्या' असा एक रकाना असतो आणि त्यातला आकडा यश म्हणून मोजला जातो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा बरी आहे का? हा रकाना भरला की आकडे कमी दिसतील, देणगीदारांना कदाचित आवडणार नाहीत. पण मूळ शब्दाचा अर्थ त्या दुसऱ्या रकान्यात आहे.

चौथी, बैठकीत तिला विचारतो ते त्यालाही विचारावं. "तुम्ही नांदता का हो?" लोक हसतील. हसू द्या. त्या हसण्यातच कळेल की हा शब्द आजवर एकटीनेच वाहिला आहे. हसणं ओसरलं की पुढचा प्रश्न विचारावा: "ती तुमच्या घरात आनंदात राहावी म्हणून तुम्ही काय करता?" नांदवणे या क्रियापदाचा खरा अर्थ तोच आहे, आणि उत्तर देणं त्याच्याकडे लागतं.

आपल्या पोरींना हा शब्द आपण वारशात देणारच आहोत, तो काही भाषेतून जाणार नाही. जाऊही नये, इतका सुंदर शब्द आहे. फक्त देताना पूर्ण द्यावा. सासरी राहणे एवढाच अर्थ न सांगता त्याचं कूळ सांगावं, आणि हेही सांगावं की जिथे आनंद नाही तिथे राहिलीस तर त्याला राहणं म्हण, सोसणं म्हण, पण नांदणं म्हणू नकोस.